गेटवरचा खोकला

शहरदर्शनाच्या बसमध्ये नाशिकच्या आम्ही दोघीच,
बाकी सगळे नागपूरकडचे, चिवड्याच्या पुड्या फोडणारे.
रामकुंड झालं, काळाराम झाला,
मुक्तिधामात आईने प्रसाद पदराला बांधला,
मग कैवल्य नावाचा पोरगेला गाईड माइकवर म्हणाला,
"आता रेल्वेचं संग्रहालय. वीस मिनिटं. वॉशरूम इथेच उरका."

आई म्हणाली, "रेल्वेत काय बघायचंय?
एकोणीस वर्षं तीच बघितली."
पण उतरली.

दारातच काळं इंजिन, नुकतं रंगवलेलं,
इतकं स्वच्छ की कधी कुठे गेलंच नसावं.
पोरं चाकांच्या आऱ्यांत पाय घालून फोटो काढत होती.
कैवल्यने कोळसा, वाफ, शिट्टी, सगळं एका दमात उरकलं.
आई माझ्या कानाशी, "हे आमचं न्हाई.
आमच्या येळंला विजेचं व्हतं.
आवाज न करता यायचं. त्याचंच तर भ्याव."

आत काचेच्या कपाटात हातदिवा.
खाली पाटी: रॉकेलवर चालणारा, तीन रंगी,
फाटकवाले वापरत असत.
'हात लावू नये' या अक्षरांवरच आईने बोट टेकवलं.
"डोकं फिरवलं की लाल. अजून फिरवलं की हिरवा.
हिरव्याला अडायचा. जरा उचलून फिरवावा लागे.
ते लिवलेलं दिसत न्हाई."

लहवित आणि अस्वलीच्या मधे आमचं गेट होतं.
बाबांची खाकी, दगडी खोली,
रुळाकडेला वांग्यांचे दोन वाफे,
हे मला आठवतं.
बाबांना हिवताप यायचा, आणि त्या रात्री
आम्हा भावंडांना दिवेलागणीलाच झोपवायचे,
हेही आठवतं.

फाटक कोण लावायचं,
हे विचारायचं पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

भिंतीवर हँडलचा टेलिफोन होता.
त्याला मात्र हात लावायची मुभा.
एक पोरगा कर्रकर्र फिरवून कंटाळून गेला,
आणि आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर नंबर द्यायचे, दोन आकडी.
आपून आपला द्यायचा. मंग वहीत लिवायचा.
मला अक्षर येत नव्हतं, आकडे यायचे.
बाईचा आवाज गेला असता
तर तुझ्या बापाची नोकरी गेली असती.
म्हणून आधी खोकायचे."

किती वेळा, मी विचारलं.

"एका पावसाळ्यात अकरा रात्री. बाकीच्या कोण मोजतं?"

आणि मास्तरांना कळलं नाही?

आई पहिल्यांदा हसली.
"कसबेकर मास्तर. रोज म्हणायचे,
रंगनाथ, खोकला बघ बाबा.
एकदा गार्डाच्या हाती खडीसाखर धाडली.
पुडीवर लिवलेलं, 'गेटवरच्या खोकल्याला'.
रंगनाथला, असं नव्हतं.
तुझ्या बापानंच वाचलं,
आन् दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई."

मग तिने रिसीव्हर उचलला.
दोनदा खोकली.
जाड, अनोळखी, आमच्या घरात कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाली,
"सत्तेचाळीस."

वायर भिंतीत शिरायच्या आधीच तोडलेली होती,
मी पाहिली होती.
तरी आई थांबली. ऐकलं. मान हलवली.
उजवा हात खिळ्याला टांगलेली पेन्सिल शोधत
भिंतीवरून थोडा फिरला,
आणि पदरात परत आला.

कैवल्यची शिट्टी. मागून कुणीतरी, "चला, चला, आजी."

"म्होरं काय हाय?"
पांडवलेणी. दोनशेवर पायऱ्या.
"मी खालीच बसंन. तू बघून ये."

द्वारकेच्या चौकात ट्रकच ट्रक.
आईचा डोळा लागला होता, डोकं माझ्या खांद्यावर,
तोंडाला रॉकेलचा नव्हे, चिवड्याचा वास.
सिग्नल हिरवा झाला तरी आमचा ड्रायव्हर
तंबाखू मळत बसलेला, मागे हॉर्नचा कल्ला.

डोळे न उघडता आई पुटपुटली,
"सोड की रे.
हिरवा दावलाय कवाच."